शालिकच्या पोटातलं सोनं

मित्रांनो, मी एक जुना शालिक आहे. नाव ऐकून गोंधळू नका. मी कुणाचा काका नाही आणि मामाही नाही. मी एक काचेची कुपी आहे. गोल पोट, आखूड मान, मानेवर घासून बसवलेलं काचेचं बूच आणि खांद्याला एक बारीक नळी. त्या नळीला फिरवायची तोटी आहे. पुस्तकात माझं नाव श्लेंक फ्लास्क असं छापतात. श्लेंक हे कुठल्याशा दूरदेशीच्या रसायनशास्त्रज्ञाचं आडनाव. पण अमरावतीच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेची देखभाल करणाऱ्या पंजाबरावांच्या जिभेला ते काही वळलं नाही. "श्लें... श्लां... जाऊ द्या बाप्पा, शालिक म्हना," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. त्यांच्या गावात शालिक नावाची बरीच माणसं आहेत म्हणे. त्यांत माझी भर पडली.

माझी गोष्ट हेव्याची आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी धाकटं भावंड आलं आहे, त्यांना ती लवकर कळेल. आपली आई एक दिवस दवाखान्यात जाते आणि परत येते ती दुसऱ्याच कुणाला कुशीत घेऊन. सगळे म्हणतात, "बघ, तुला खेळायला कोण आलं!" तुम्ही बघता. तिथे खेळण्यासारखं काहीच नसतं. एक लालबुंद गाठोडं असतं आणि आईची नजर त्याच्यावरून हलत नसते. तसंच माझं झालं.

माझा जन्म अकोल्याचा. तिथे ओमप्रकाश नावाचा काचकाम करणारा कारागीर होता. त्यानं काचेची नळी आगीवर धरली, ती मऊ होऊन लोंबायला लागली, तेव्हा दुसऱ्या टोकाला तोंड लावून हळूच फुंकर घातली. त्या फुंकरीनं माझं पोट गोल झालं. मग त्यानं खांद्याला नळी जोडली, तोटी बसवली, बूच घासून घासून मानेत बेतलं. आमच्या कॉलेजातले इंगोले सर मला न्यायला आले तेव्हा तो मला वर्तमानपत्रात गुंडाळत म्हणाला, "सर, मेरी फूँक से बना है. अब किसी की फूँक अंदर मत जाने देना."

तेव्हा मला हे विचित्र वाटलं. ज्या फुंकरीनं जन्मलो, तिलाच जन्मभर दाराबाहेर ठेवायचं! पण माझं काम तेच आहे. काही पदार्थ असे नाजूक असतात की त्यांना आपली साधी हवा सोसत नाही. त्यांच्यासाठी माझ्यातली हवा पंपानं ओढून घेतात आणि तिच्या जागी नायट्रोजन भरतात. पुन्हा ओढतात, पुन्हा भरतात. जाणारा वायू तेलाच्या एका छोट्या नळीतून बुडबुडे काढत बाहेर पडतो. बुडबुडे शांतपणे येत राहिले की समजायचं, आत सगळं ठीक आहे.

पहिली काही वर्षं मी नुसता इकडून तिकडे फिरलो. विद्यार्थी यायचे, घाईत मला आपटायचे, बुचाला ग्रीज लावायला विसरायचे, आणि बूच अडकलं की मलाच नावं ठेवायचे. मग एका पावसाळ्यानंतर रागिणी आली.

रागिणी अकोल्याचीच. तिनं मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा उजेडापुढे धरून चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. कुठे चरा आहे का, तडा आहे का. मग धुतलं. धुतलं म्हणजे कसं, तर आधी साबणानं, मग नळाच्या पाण्यानं, मग शुद्ध पाण्यानं, आणि वर पुन्हा एकदा, कारण तिचं समाधान झालं नव्हतं. तोटी बंद केल्यावर दोन पावलं पुढे जायची, परत यायची आणि बंद आहे ना ते बघायची. इंगोले सर हसायचे. "रागिणी, ती तोटी पळून नाही जाणार." ती म्हणायची, "सर, तोटी नाही पळणार. हवा येईल."

अशी माणसं मला आवडतात. जगानं त्यांना घाबरट म्हणावं, मी म्हणणार नाही.

तिचं संशोधन काय होतं ते सोपं करून सांगतो. कार्बनच्या अणूला चार हात असतात असं समजा. दोन कार्बन एकमेकांना तीन-तीन हातांनी घट्ट धरून उभे आहेत. प्रत्येकाचा एकेक हात मोकळा उरला. त्यातल्या एकानं कार्बनचंच एक कडं धरलं, आणि दुसऱ्यानं धरला धातू, रुथेनियम नावाचा. धातू, कार्बन, कार्बन, सगळे एका सरळ रेषेत. सरांनी फळ्यावर ते काढलं तेव्हा रागिणी म्हणाली, "अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा." सर म्हणाले, "बरोबर. आणि मूर्तिजापूर ते बडनेरा तिहेरी रूळ!"

हा पदार्थ रागिणी माझ्या पोटात बनवायची. आधी एक लाल मीठ तयार व्हायचं. त्यात क्षाराचे, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या द्रवाचे, थेंब पडले की लाल विरत जायचं आणि सुंदर पिवळं उतरायचं. त्या पिवळ्याला आम्लाचा नुसता स्पर्श झाला तरी ते पुन्हा लाल. पुन्हा क्षार, पुन्हा पिवळं. पंजाबराव झाडू टेकवून बघत राहायचे. "ताई, हे काय जादू करून राहिल्या तुमी?"

"जादू नाही, पंजाबभाऊ. हळदीले चुना लागला का तिचं लाल कुंकू होते ना? तसंच. फक्त उलटं. इथं लालाले क्षार लागला का ते पिवळं होते."

"म्हंजे कुंकवाची हळद होते! आमच्या घरी सांगतो. नाई पटनार कोनाले."

एकच गोष्ट फिरून परत येत नसे. लाल असताना हवा आत शिरली, तर हवा त्या दोन कार्बनांची जोडीच तोडून टाकायची. मग क्षार घाला नाहीतर नवस बोला, पिवळं परत यायचं नाही. म्हणून तर मी.

पहिल्यांदा माझ्या तळाशी ती पिवळी भुकटी बसली तेव्हा रागिणीनं मला दोन्ही हातांत धरलं आणि हळूच म्हणाली, "माझं सोनं!"

मित्रांनो, काचेला अंगावर काटा येत नाही, नाहीतर तेव्हा आला असता.

पुढे तिचं लग्न झालं. नवरा बँकेत, बदली परतवाड्याला. ती अमरावतीलाच राहिली, कामही चालू राहिलं. मग ती हळूहळू चालायला लागली, रसायनांपासून लांब बसायला लागली, माझ्याऐवजी पुस्तकं हाताळायला लागली. एक दिवस मला स्वच्छ धुवून, मऊ कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि गेली. मला वाटलं, दोन दिवसांत येईल.

कपाटात दिवस मोजायला काही नसतं. धूळ मात्र बसत राहते. ग्रीज सुकलं, तोटी कडक झाली. दुसरे विद्यार्थी कपाट उघडायचे, नव्या चकचकीत कुप्या उचलायचे आणि मला मागे सारायचे.

ती परत आली तेव्हा मी तिला वासानं ओळखायला गेलो आणि चुकलो. तिच्या हाताला दुधाचा आणि वेखंडाचा वास होता. नखं अगदी बारीक कापलेली. डोळ्यांखाली काळं. तिनं मला धुतलं, ग्रीज लावलं, पंपाच्या आणि नायट्रोजनच्या नळ्या असलेल्या पट्टीला अडकवून उभं केलं. मी म्हणत होतो, आता म्हणेल, आता म्हणेल. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तिनं तो काढला, माझ्या पोटाला टेकवून उभा केला, आणि त्या चौकोनात एक तोंड आलं. गोल, टक्कल असलेलं, लाळ गळणारं. रागिणीचा सगळा चेहरा पाघळला.

"माझं सोनं!" ती म्हणाली.

माझ्याकडे नाही. माझ्या अंगाला टेकलेल्या त्या तोंडाकडे. माझाच शब्द, माझ्याच अंगावरून पलीकडे गेला.

त्या मुलीचं नाव चंदा. ती अकोल्याला आजीकडे असायची. आजी म्हणजे रागिणीची आई, मनकर्णाबाई. रागिणी शनिवारी अकोल्याला जायची, सोमवारी यायची, आणि मधल्या दिवसांत फोन माझ्या पोटाला टेकलेला. मला दुसरं काम उरलं नव्हतं असं नाही, पण दिवसातून किती वेळा मी फोनची पाठ व्हायचो! चंदानं काय खाल्लं, चंदाला शी झाली का, चंदाच्या मानेवर हे लाल कसलं, आई जरा उजेडात धर. मनकर्णाबाई वैतागायच्या. "अवं, घामोळ्या हायत. तुया अंगावर याच्या दुप्पट होत्या. मेली का तू?"

हेव्यानं मी कुढत होतो. मी हिशेबच ठेवायला लागलो. चंदाची दुधाची बाटली धुवायला रागिणीनं लांब दांड्याचा ब्रश आणला, तसाच एक माझ्यासाठीही आणला. तिला वाटलं असेल, दोघांना सारखं. पण तिचा निळा होता आणि माझा पांढरा. निळा चांगला नव्हता का? मला का नको? चंदाची बाटलीही काचेची, तिलाही बूच, तीही उकळून ठेवायची. मग माझ्यात काय कमी होतं? तिला दात यायचे होते म्हणून सगळे हळहळत होते. माझी तोटी कडक झाली होती, त्याचं कुणाला काही नाही.

आता खरी गोष्ट येते. रुथेनियम संपलं होतं. प्रयोगशाळेच्या बाटलीतलं शेवटचं रागिणीनं वापरलं आणि त्यातून जे पिवळं मिळालं ते सगळं माझ्या पोटात होतं. त्याचे स्फटिक वाढवायचे होते. नीट, टोकदार स्फटिक मिळाले तरच क्ष-किरणांनी त्यांचा फोटो काढता येणार होता, आणि तो फोटो नसेल तर तिचा प्रबंध अपुरा. मुदत दोनदा वाढवून झाली होती. दिवाळीपर्यंतची ही शेवटची. सर स्पष्टच म्हणाले होते, "आता माझ्या हातात नाही, रागिणी." तीही एकदा फोनवर आईला म्हणाली होती, "नाही जमलं तर सोडून देतो. चंदाले घेऊन परतवाड्याले जातो." सोडून देतो म्हणजे मलाही, हे मला कळलं.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते ते. पंजाबराव पूजेच्या तयारीत होते. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची, अवजारांची पूजा होते, तराजूपासून पंपापर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागतं. त्यांनी मोरीवर वाळत ठेवलेली सगळी काचेची बुचं गोळा केली. माझंही त्यात होतं; पिवळं असताना हवेची भीती नसते, म्हणून माझं तोंड तेव्हा नुसतं कागदानं झाकलेलं होतं. घरी ते देव घासतात तसं त्यांनी लिंबाची अर्धी फोड घेऊन एकेक बूच घासलं, आणि धुतलं नाही. लिंबाचं पाणी तसंच वाळलं. बुचं अशी चमकायला लागली की मलाही क्षणभर अभिमान वाटला. मग वाटलं, अरे, हे आंबट आहे! पण सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी रागिणीनं नायट्रोजन सोडून स्फटिकांची मांडणी केली. पिवळ्याचं दाट द्रावण माझ्या तळाशी, आणि त्यावर हळूच, जराही न ढवळता, दुसऱ्या द्रवाचा थर. दोन थर आठवडाभर हळूहळू एकमेकांत मिसळत जातात आणि त्या संथपणात स्फटिक वाढतात. तिचा हात स्थिर होता. आता फक्त बूच धुवायचं आणि लावायचं. तेवढ्यात फोन वाजला. चंदा किंचाळत होती. मनकर्णाबाई ओरडून बोलत होत्या, "दात येऊन राहिले, हिरड्या सुजल्या, काही घेत नाई तोंडात!" रागिणीनं फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला, हाताला लागलं ते चमकणारं बूच घेतलं, ग्रीज फिरवलं आणि मला बंद केलं.

बूच न धुता तिनं मला कधीच बंद केलं नव्हतं. त्या एका दिवशी केलं. कुणामुळे? मी सरळ चंदाचं नाव घेतलं.

मला कपाटात ठेवून ती दसऱ्याला अकोल्याला गेली. पंजाबरावांनी कपाट उघडून माझ्या पोटाला हळदीकुंकवाचं बोट लावलं, शेजारी आपट्याचं पान ठेवलं. "शालिकभाऊ, सोनं घ्या," म्हणाले आणि हात जोडले. त्यानंतर शांतता. दिवसा ऊन तापायचं, संध्याकाळी थंड व्हायचं. द्रवाची वाफ बुचाला लागायची आणि थेंब होऊन खाली ओघळायची. आंबट थेंब. एकेक करून. जिथे थेंब पडायचा तिथे पिवळ्यात लालसर रेघ उतरायची.

आणि मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. होऊ दे लाल. आता तरी ती येईल, फोन बाजूला ठेवेल आणि माझ्याजवळ बसेल. तुमच्यातलं एखादं थोरलं भावंड ताप आला म्हणून मनात खूश झालं असेल, त्याला हे समजेल.

ती आली. कपाट उघडलं. तिचा चेहरा पाहिला आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं.

इंगोले सरांना तिनं बोलावलं. त्यांनी मला उजेडात धरलं. "लाल कसं झालं? आम्ल तर कुठून येणार. हवा शिरून बिघडलं असेल, त्याचाच हा रंग. त्या दिवशी बूच नीट बसवलं होतंस?"

"फोनवर होते, सर. माझंच लक्ष नव्हतं."

"हवा गेली असेल तर मोडलंच ते. ठेवून उपयोग नाही. धुवून घे कुपी." सर वाईट माणूस नाहीत. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मित्रांनो, मी आतून ओरडत होतो. हवा नाही गेली! एवढ्या वर्षांत मी कधी हवा आत येऊ दिली आहे? हवेनं लाल मोडलं असतं तर पोटात कडू बदामासारखा वास सुटला असता. तो नव्हता. बुचाला बघा, बुचाला! पण काच नुसती आरपार दिसते, बोलत नाही.

तिनं मला मोरीपाशी नेलं. बुचावर बोट ठेवलं. तेवढ्यात पंजाबराव आपट्याची पानं घेऊन आले. "ताई, सोनं घ्या. काहून असं तोंड? अन् आपला शालिक पाह्यला का, कसा चमकून राहिला? बुचं लिंबू लावून घासले म्या. देव घासतो ना, तसे."

रागिणीचं बोट बुचावरच थांबलं. "काय लावून?"

"लिंबू. काहून? चुकलं का काही?"

"धुतले होते मग? पाण्यानं?"

"धुतलं का त्याची चमक जाते ना, ताई."

रागिणी आधी हसली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग पुन्हा हसली. पंजाबराव घाबरून सरांकडे बघायला लागले. "सर, हवा नाही!" ती म्हणाली. "लिंबू आहे! लिंबू!" सर खिडकीपासून जवळजवळ धावत आले.

तिनं मला पट्टीवर चढवलं, नायट्रोजन सोडला. बुडबुडे सुरू झाले. त्याच प्रवाहात बूच काढून तिनं एक थेंब छोट्या नळीत घेतला, त्यात क्षाराचा एक थेंब टाकला. लाल जरा थांबलं, जणू आठवत होतं. आणि पिवळं झालं.

तेवढ्यात फोन वाजला.

उचलू नकोस, मी म्हटलं. आता नको. आता मला उघडं टाकून जाऊ नकोस. एकदा बूच उघडलं की लाल फार वेळ थांबत नाही.

तिनं उचलला. फोन माझ्या अंगाला टेकवला. त्या चौकोनात मनकर्णाबाईंचा चेहरा होता, नेहमीचा वैताग त्यात नव्हता. "रागिणी, पोरगी तापली वं. डॉक्टरकडून आनली आताच. औषध देल्लं त्यानं. दाताचाच हाय म्हनते. पन तुले सांगा वाटलं."

"मी निघतो. आताच्या गाडीनं निघतो."

"थांब. हातात काय हाय तुया?"

रागिणीच्या हातात क्षाराची पिचकारी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "आई, हे सोडलं तर जाईल. सगळंच जाईल."

"मंग सोडू नको. अर्धवट टाकून येशील त तिथलंबी जाईल अन् इथं येऊन रडत बसशील. आमी पोरं वाढवले का नाई? तू तुयं लाल-पिवळं कर, मंग ये."

"मग फोन तिच्याजवळ धर. नाकापाशी नाही, छातीपाशी. मले श्वास पाहू दे."

मनकर्णाबाईंनी फोन धरला. एक बारीक छाती, पातळ झबल्याखाली वर-खाली होणारी. रागिणी माझ्यात थेंब सोडत होती. एक थेंब सोडायची, बुडबुड्यांकडे बघायची. मग फोनकडे. मग पुन्हा थेंब. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो, कारण माझ्या इतक्या जवळ ते कधी आले नव्हते. बुडबुडे बघताना ते जसे व्हायचे, तस्सेच ते ती छाती बघताना होत होते. पापणी न हलवता, ओठ आवळून. पुढचा येतोय ना. आला. पुढचा येतोय ना. आला.

मला वाटत होतं, तिच्याकडे दोन नजरा आहेत, एक माझी आणि एक चंदाची, आणि माझी तिनं चंदाला दिली. पण नजर एकच होती. ती नजर रागिणी चंदा येण्याआधी कुठे शिकली असेल, तर माझ्यासमोर उभी राहून शिकली असेल. हे मला त्या दुपारी समजलं. हेवा लगेच गेला असं सांगणार नाही. पण त्याचं टोक जरा बोथटलं.

लाल विरलं. पिवळं उतरलं, थोडं कमी, पण स्वच्छ. तिनं ते गाळलं, धुतलं, पुन्हा विरघळवलं, पुन्हा थर मांडला, सगळं नायट्रोजनच्या पांघरुणाखाली. या वेळी बूच साबणानं, नळाच्या पाण्यानं, शुद्ध पाण्यानं, आणि वर पुन्हा एकदा धुतलं. मनकर्णाबाई मधेच म्हणाल्या, "घाम आला पोरीले. उतरून राहिला ताप," तेव्हा तिनं भिंतीला डोकं टेकवलं, आणि पुन्हा कामाला लागली.

निघताना तिनं मला कपाटात ठेवलं आणि पंजाबरावांना म्हणाली, "पंजाबभाऊ, शालिकले कोणी हात लावायचा नाही. कपाटच उघडायचं नाही. पाहायचंबी नाही."

"पाह्यचंबी नाई?" ते अजून कानकोंडे होते. "अन् तुमीच रोज येऊन डोकावसान ते?"

"मीबी नाही. मी अकोल्याले चालली. हलवलं, डोकावलं, का बिघडते ते. त्याले एकटं राहू दिलं पाहिजे."

हे वाक्य बोलताना तिला किती जड गेलं ते मी बघितलं. तोटी तिनं एकदाच तपासली. दोन पावलं गेली, थांबली, मागे वळली. आणि परत न येता गेली.

मित्रांनो, तो आठवडा मी अंधारात काढला. ती चंदाजवळ होती आणि मी एकटा. आधी वाईट वाटलं. मग एका सकाळी पोटात काहीतरी टोचल्यासारखं झालं. एक सुई. मग तिच्या बाजूला दुसरी. कुणी बघत नव्हतं, कुणी हलवत नव्हतं, आणि माझ्या आत पिवळ्या सुया वाढत होत्या, एकीला टेकून एक, प्रत्येकीच्या कडा धारदार. ती रोज येऊन डोकावली असती तर यातलं काही झालं नसतं. तिनं सतत माझ्याकडे बघावं म्हणून मी इतके दिवस कुढलो, आणि माझं सगळ्यात चांगलं काम झालं ते ती अकोल्याला असताना.

माझ्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा. कुपी हातात घ्याल तेव्हा आधी धुवा. चमकतं ते धुतलेलं असतंच असं नाही. बूच लावताना मन दुसरीकडे असेल तर दोन मिनिटं थांबा. आणि एकदा सगळं नीट केलं की हात काढून घ्या. आपल्या घरातल्या लहानग्यांनाही हे चालत असावं, पण त्यातलं मला कमी कळतं. मी काचेचा आहे.

रागिणी परतली तेव्हा इंगोले सरही कपाटापाशी आले. तिनं दार उघडलं, आणि सरांनी नुसतं "अरे वा!" म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं, "अरे वा! हे जातील फोटोला." पंजाबराव मागून वाकून बघत होते. "ताई, या बारी म्या काहीच नाई लावलं बरं," त्यांनी सांगून टाकलं.

रागिणीनं मला पट्टीवर उभं केलं आणि फोन लावला. तो नेहमीसारखा माझ्या पोटाला टेकवला. चौकोनात चंदा होती, मनकर्णाबाईंच्या पदराला धरून उभी. वेडीवाकडी, डुलत, पण उभी. खाली एक दात.

"आई! उभी राह्यली? कधी?"

"तू गाडीत बसली अन् इकडे ही उठून उभी. तू पाहून राहिली असती त मांडीवरून उतरली नसती कार्टी."

रागिणी हसली, आणि फोन उचलून माझ्याकडे वळवला, म्हणजे चंदाला मी दिसेन. "चंदा, हे पाह्य. शालिकदादा. त्याच्या पोटात पाह्य काय आहे."

दादा. हा शब्द मला नवा होता.

चंदानं तोंड फोनला लावलं, आणि तिची लाळ काचेच्या पलीकडे पसरली. धाकटी भावंडं अशीच असतात म्हणतात. मनकर्णाबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "काय वं ते? पिवळ्या पिवळ्या काड्या?"

रागिणीनं फोन पुन्हा माझ्या पोटाला टेकवला आणि वाकली. तिचे डोळे माझ्यासमोर आले, पापणी न हलवणारे.

"माझं सोनं," ती म्हणाली.

फोनकडे बघून म्हणाली की माझ्याकडे, ते मला कळलं नाही. फोन माझ्याच अंगाला टेकलेला होता.